डोंगरावरचं पाणी

ते हिरवळीवर पालथे पडून नळाच्या तोंडाला कान लावत, एक हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प करत आणि डोळे मिटून म्हणत, "अजून आहे, सार."

'सार' म्हणजे सर; पाईपात अजून पाणी आहे, असा त्याचा अर्थ. आम्हाला काहीच ऐकू येत नसे. पण पुन्हा हवा मारली की कोपऱ्यातला एखादा स्प्रिंकलर फुस्स करून ओंजळभर पाणी बाहेर टाकायचा, आणि ते उठून गुडघे झटकत. माणूस बरोबर ठरला की कसा ऐटीत उभा राहतो, तुम्ही पाहिलं असेल. हे मात्र ओशाळल्यासारखे उभे राहत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी माल येऊ लागला आणि हॉटेलं, गिरण्या, बंगले सगळ्यांनाच आपल्या हिरवळीवर आपोआप उडणारं पाणी हवंसं झालं. तसली यंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीने मला पुण्याहून तंजावरच्या शाखेत पाठवलं. मी नवा इंजिनीअर, आणि हे तिथले फिटर. सरकारी कालव्यांवर नोकरी करून निवृत्त झालेले, आमच्याकडे वर्षावर्षाच्या कराराने लागलेले. घराणं पिढ्यानपिढ्या तंजावरचं, घरची भाषा मराठी, पण देवनागरी वाचता येत नसे. त्यांची मराठी जुन्या कागदपत्रांतून उठून आल्यासारखी आणि बोलण्याची चाल तमिळ. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हांस जेवणाची सोय जाहली काय, सार?" मला हसू आलं. आठवडाभराने तेच वाक्य ऐकलं नाही की चुकल्यासारखं वाटू लागलं.

उटीला एका गिरणीमालकाच्या बंगल्याचं काम आम्हाला मिळालं. यंत्रणेबरोबर आलेल्या पुस्तिकेत एक अख्खा भाग गोठण्यावर होता. हिवाळ्याआधी पाईपांतलं सगळं पाणी काढा, उरलेलं हवेच्या दाबाने उडवा, नाहीतर पाईप फुटतील. मी ती पानं उलटून पुढे गेलो. ते मात्र शब्दकोश घेऊन आठ दिवस त्या पानांशी बसले.

"सार, तमिळांत दंवास पनि म्हणतात, बर्फासही पनिच. ह्या पुस्तकांतली पनि कोणती?"

"बर्फाची. आपल्याकडे तसं काही होत नाही."

"उटीस होतें. गवत पांढरें होतें म्हणतात."

मी विषय सोडून दिला. त्यांनी सोडला नाही. पाईपाचा हातभर तुकडा पाण्याने भरून, दोन्ही तोंडं बंद करून, त्यांनी बाजारातल्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तुकडा माझ्या टेबलावर आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा तडकलेला. मागोमाग आइस्क्रीमवालाही आला, कारण पाईप फुटून त्याचे दोन डबे पडले होते. ते त्याची समजूत घालत होते आणि मी त्या तड्यावरून बोट फिरवत होतो. उटीच्या नळांना खालच्या बाजूने पाणी सोडायचे व्हॉल्व्ह बसवायला त्याच दिवशी मी मंजुरी दिली.

पुढे दरवर्षी डिसेंबरात मार्गळी महिना लागायच्या आधी ते दोन बस बदलून उटीला जात. अंगात मुलीने विणलेला स्वेटर, डोक्याला मफलर. वरचं पाणी बंद करायचं, खालचे व्हॉल्व्ह उघडायचे, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून एकेक ओळ कोरडी करायची. सगळं झालं की व्हॉल्व्ह गोणपाटात गुंडाळायचे. आजारी माणसाला पांघरूण घालावं तसं ते गुंडाळत.

एका वर्षी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन ठरलं. ते माझ्याकडे आले. "सार, यंदा तुम्ही जा. काम माळ्याच्या भरंवशावर सोडूं नका."

"जातो," मी म्हटलं. पण तेव्हा एका मोठ्या हॉटेलच्या कामामागे मी धावत होतो. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन आठवडे गेले. आणि एका सकाळी फोन आला. व्हॉल्व्ह तडकले होते, उन्हाने बर्फ वितळल्यावर पाणी उसळलं होतं आणि मालकांच्या मुलीच्या लग्नासाठी राखलेल्या हिरवळीचा चिखल झाला होता.

मॅनेजरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "कोणाचं काम होतं हे?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो, ते आजही मला ठाऊक नाही. त्याआधीच ते म्हणाले, "माझ्याकडून राहिलें, सार."

मी तोंड मिटलं. इतकंच झालं. महिनाअखेरीस त्यांचा करार संपवला.

त्यांच्या घरी जायला मला चार दिवस लागले. बायको भिंतीला टेकून बसली होती, ते तिला चमच्याने कांजी, तांदळाची पेज, भरवत होते. "मी मॅनेजरांना खरं सांगतो," मी म्हटलं.

"कशास? मी एकदां रिटायर जाहलों होतों, आतां दुसऱ्यांदा. तुमची नोकरी आतां सुरू होते." मग वाटी खाली ठेवून म्हणाले, "मात्र दरवर्षी स्वतः जा."

मी ते पटवून घेतलं. किती चटकन पटलं, याची लाज अजून जात नाही. बदली होईपर्यंत मी दरवर्षी गेलो, दव पडलेल्या गवतावर पालथा पडलो, कान लावला. मला कधीच काही ऐकू आलं नाही. म्हणून मी प्रत्येक ओळीत दोनदा हवा मारायचो.

पुण्याला परतल्यावर त्यांची पत्रं येऊ लागली. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. आमच्या कचेरीत शेषन नावाचे टंकलेखक होते. नुकतेच मद्रासहून आलेले, मराठीचा गंध नव्हता. ते अक्षरं लावून मोठ्याने वाचत, त्यांना काही कळत नसे आणि मला सगळं कळे. "यंदा थंडी लवकर आहे. डोंगरावरचें पाणी काढविलें काय?" उत्तर मी बोलायचो, शेषन ऐकू येईल तसं तमिळ अक्षरांत उतरवायचे.

दुसऱ्या वर्षी ते मॅनेजर पुण्याला आले तेव्हा मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. मी तसं पत्राने कळवलं. उत्तर आलं, "कशास सांगितलें? मी तर विसरलों होतों."

तिसऱ्या वर्षी पाकिटावरचं अक्षर वेगळं होतं. शेषन नेहमीसारखे मोठ्याने वाचू लागले. मला एकही शब्द लागेना. पत्र त्यांच्या मुलीचं होतं. तिला मराठी समजायची, पण मनातलं लिहायचं तर तमिळच. दोन ओळींनंतर शेषन यांचा आवाज उतरला. दोन वर्षं जे न समजता वाचत आले होते, त्यांना आज प्रत्येक शब्द समजत होता. त्यांनी वाचणं थांबवलं, चष्मा काढला आणि कागद अलगद माझ्याकडे सरकवला.

मी त्या अक्षरांकडे बघत राहिलो. अर्थ विचारायची गरज नव्हती.