पाद्रीसाहेबांच्या घरावरचा मनोरा

खजुरीची चटई जळल्याचा वास आला की मला दुबईतलं इंग्रज पाद्रीसाहेबांचं घर आठवतं. आमचे हे तिथे खानसामा, आणि मी रत्नागिरीहून नुकतीच आलेली अतिशहाणी. छतावरचा चौकोनी मनोरा खाली खोलीत उघडायचा; मला वाटलं, धुराडंच. म्हणून त्याखाली चूल पेटवली. वरून वारा कोसळला, जाळ चटईवर पसरला आणि मी अल्लाचं नाव घेत किंचाळले. पाद्रीसाहेबांच्या मडमेने धावत येऊन पाण्याचा माठ ओतला. "यांची नोकरी गेली," मी पुटपुटले. हे करवादले, "अगं, तो मनोरा वारा आत घ्यायला असतो." मडम भिंतीवरचा जुना काळा डाग दाखवत म्हणाली, "डरो मत. हम भी चिमनी समझा. पहला आग मेरा." आता नातींना सांगताना मी मडमेची आग रंगवून सांगते आणि तिथेच थांबते.