मिरचीच्या ठसक्याचा खटला

माझी कायद्याची परीक्षा तोंडावर आली होती आणि विषय होता टॉर्ट, म्हणजे दिवाणी अपकृत्य. नेमक्या त्याच आठवड्यात आईने आमच्या भांडुपच्या फ्लॅटमध्ये वर्षाच्या मालवणी मसाल्याच्या मिरच्या भाजल्या. मजलाभर ठसका! तसा तो दरवर्षीचाच. पण या खेपेला समोरच्या वहिनीचं पाच महिन्यांचं बाळ खोकून खोकून लालबुंद झालं. वहिनीने खिडक्या लावल्या आणि मग दारही लावून घेतलं.

बाळ झाल्यापासून त्याला रोज सकाळी तेल लावून न्हाऊ घालायचं काम आईचं होतं. ठसक्यानंतर बोलावणं बंद झालं. आई दिवसभर तणतणायची आणि सारखी बेसन लावून हात धुवायची. मिरचीने आग होत असेल, असं मला वाटलं.

"इतकी वर्सां मसालो करतंय, कोण मेलो नाय!"

मला तर आयती केसच मिळाली. पुस्तक घेऊन बसले तिच्यासमोर. "हे बघ, शेजाऱ्यांची काळजी घ्यायचं तुझं कर्तव्य होतं. आधी सांगितलं नाहीस, म्हणजे ते मोडलंस. बाळाला त्रास झाला, आणि तो तुझ्याच मिरचीने झाला. वाट लागली तुझी."

"म्हणजे मी गुन्हेगार?"

"गुन्हा नाही गं, अपकृत्य. आणि बचाव आहेत ना!"

बचाव म्हटल्यावर आई जरा पुढे सरकली. वारा तिकडे वळला ही दैवी आपत्ती, असं म्हणून पाहिलं, पण एवढ्याशा झुळकीला कोण आपत्ती म्हणणार? वास आल्यावरही वहिनीने खिडकी उशिरा लावली, हा तिचा निष्काळजीपणा. हे थोडंफार चाललं असतं. मग मी हुकमाचा एक्का काढला: संमती. वहिनी दरवर्षी माहेरची भिवापुरी मिरची आमच्या मसाल्यात घालायला देते. यंदाही दिली होती.

"स्वतःची मिरची भाजायला देणारी बाई ठसक्याची तक्रार कशी करणार? झकास! जिंकलीस तू."

"आणि पोराक कोणी इचारल्यान?"

गेला माझा एक्का. वहिनीची संमती वहिनीपुरती, बाळाने कुठे दिली होती? मला आईचा रागच आला. जिंकलेली केस अशी कोणी घालवतं का?

तोवर तिने समोरची बेल वाजवलीही होती. दार उघडल्यावर तिने एकही बचाव मांडला नाही.

"चूक माझी. आधी सांगूक होया होता."

आत बाळ रडत होतं.

"माझ्याकडे न्हायलाच मागत नाही, काकू," वहिनी म्हणाली. मग तिची नजर आईच्या हातांवर गेली. "पण हाताला मिरची..."

"तवापासून रोज धुतंय गो," आई म्हणाली. "तू कधी बोलावशीत, काय म्हायत."