एका श्वासात चार शब्द

"पेशंट कोण हाय ह्यात?" फोटोग्राफरनं स्टेजवरच्या सगळ्यांकडं बघत विचारलं.

कॉलेजच्या सेक्रेटरींनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्ये? ह्ये तर धडधाकट दिसत्यात की!"

मी खुर्चीत ताठ बसलो होतो. ताठ बसलं की मला श्वास येतो. मानेला मार बसला तेव्हा छातीखालचा पडदा हलवणाऱ्या नसा निकामी झाल्या. आडवं झालं की पोट वर चढतं आणि हवा आत शिरत नाही. रात्री तोंडावर मास्क बांधून मशीनच्या जोरावर झोपावं लागतं. ते मशीन संस्थापक साहेब आपल्या वाढदिवशी मला दान करणार होते. शेजारी खाट मांडलेली. पांढरी चादर, झेंडूच्या माळा. माणूस जिवंत असताना एवढी तयारी मी प्रथमच पाहत होतो.

"जरा आडवं व्हा की," सेक्रेटरी म्हणाले. "दोन मिन्टं. फोटोत पेशंट दिसाय पायजे."

"त्यास्नी झोपवू नका, गुदमरत्यात!" खालून बायको ओरडली.

"वैनी, डॉक्टर हैत की स्टेजवर."

होते. साहेबांचे जावई. दातांचे डॉक्टर.

मी आडवा झालो. मशीन हवं होतं.

साहेबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. पहिल्या फोटोत त्यांचे डोळे मिटले. दुसऱ्यात करुणा कमी पडली. तिसरा काढेपर्यंत मला हवा मिळेना. नजरेसमोर फक्त वरच्या कमानीवरचा फ्लेक्स. शिक्षणमहर्षी. सहकारभूषण. दीनांचा कैवारी. तसलीच कमान बांधताना मी साहेबांच्या मागच्या वाढदिवशी पडलो होतो. मी कॉलेजचा ग्रंथपाल. पण या संस्थेत शिडी धरायला एक आडनाव लागतं आणि चढायला दुसरं. माझं दुसरं. आजोबांनी छप्पन्न साली गावकीची कामं टाकली. नातू पदव्या घेऊन साहेबांच्या कमानी बांधत होता. आता त्यांच्या फोटोसाठी गुदमरतही होता.

मी उठून बसलो.

"अहो, अजून एक राहिलाय!" फोटोग्राफर म्हणाला.

"राहू दे."

सूत्रसंचालकानं घाईनं माइक पुढं केला. "दोन शब्द बोला. 'माननीय साहेबांच्या कृपेनं' हितनं सुरू करा."

मला एका श्वासात चार शब्द येतात. त्यातले तीन कृपेवर घालवणं परवडणारं नव्हतं.

"यांच्या वाढदिवसाची कमान बांधताना." श्वास. "मी शिडीवरून पडलो." श्वास. "हे दान नव्हे." श्वास. "भरपाई..."

माइक बंद झाला. मशीन साहेबांच्या गाडीतून परत गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी खाटेवर, कपाळावर साहेबांचा हात. खाली ओळ होती: दान स्वीकारताना रुग्ण.

सध्या भाड्याच्या मशीनवर झोपतो. भरपाईचा दावा लावलाय. परवा सेक्रेटरी उचगावला घरी आले. चहा घेतला, पंख्याकडं बघत बसले.

"साहेब नाराज हैत. तरीबी मशीन द्याय तयार हैत. मन मोठं हाय त्यांचं. एकदा येऊन भेटा, पाया पडा, मिटवून टाका की."

"भेट कोर्टात."

दोनच शब्द. उरलेला श्वास साक्षीसाठी.