हवामानात सापडलेले नाना

सावद्याच्या बसस्टँडवर परवापरवापर्यंत दुपार कलली की एक म्हातारा उभा दिसायचा. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात पाकीट. ते माझे सासरे, जीवराम नाना. कुठे निघालात म्हणून विचारलं तर विचारणाऱ्याचीच कीव करायचे. म्हणायचे, "मी कायले जाऊ? बातमी जाते."

केळीची बाग सांभाळून नानांनी उभा जन्म जळगावच्या एका दैनिकाची वार्ताहरकी केली. बातमी लिहायची, पाकिटात घालायची, जळगावच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. छापून यायचं 'आमच्या वार्ताहराकडून'. नाव कधीच नाही. त्यांनी ते मागितलंही नाही. मला मात्र या गोष्टीचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

आता त्यांना फारसं आठवत नाही. मला कधी माझ्याच नावाने कामिनी म्हणतात, कधी वच्छला, म्हणजे त्यांची गेलेली बहीण. पाकीट तेवढं विसरत नाहीत. हल्लीचे कंडक्टर ते घेत नाहीत, त्यांचं तरी काय चुकलं? मग नाना परत यायचे, ओट्यावर बसायचे आणि एकच घोकायचे, "बातमी पोचली नाही व. लोक वाट पाहत असतीन." सासूबाई ताट पुढे करायच्या, ते बाजूला सारायचे. सासूबाईंना कारण ठाऊक होतं. एका उन्हाळ्यात नानांनी वारा ओळखून लिहिलं होतं, वादळ येतंय, घड उतरवून घ्या. ती बस वाटेत बंद पडली. बातमी छापून आली तोवर पंचक्रोशीतल्या बागा आडव्या झालेल्या. ते त्यांच्या मनातून गेलंच नाही. दिवसेंदिवस गळ्याची हाडं वर येत चालली होती. हा माणूस न पोचलेल्या बातमीच्या काळजीनेच जाणार, अशी मला भीती वाटायची.

मी त्याच दैनिकात जळगावला नोकरी करते. जुने अंक आता कॉम्प्युटरवर आलेत, त्यांतून विषयवार डिजिटल पुस्तकं काढायची, हे आमचं काम. केळी, कापूस, यात्रा, निवडणुका. ढोबळ वाटणी कॉम्प्युटर करतो, मग आम्ही तपासतो. आमच्या प्रमुख चेलना मॅडम धुळ्याच्या, कापडवाल्यांच्या घरातल्या. ताग्यांसारख्या बातम्यांच्याही थप्प्या नीट लागल्या पाहिजेत, असा त्यांचा हट्ट.

एकदा त्या कपाळाला हात लावून बसल्या. "कामिनी, हवामानाच्या पुस्तकात काय काय शिरलंय बघ. शाळेचं गॅदरिंग, पुलाचं उद्घाटन, कुणाची तरी म्हैस. हे हवामान आहे?"

मी वाचायला घेतलं. 'वारा पश्चिमेचा, बेताचा. येथील शाळेचे स्नेहसंमेलन उत्साहात पार पडले.' पुढे, 'सकाळपासून वारा पडलेला. उखर्डू बोंडे यांची हरवलेली म्हैस नदीकाठी सापडली.'

मी लगेच ओळखलं. आमच्या घरात चहाच्या आधी वारा सांगतात. "वारा सांगल्याबिगर मानसाचं ध्यान बातमीत लागत नाही," हे नानांचं बोलणं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. बिननावाचे नाना मला पानोपानी भेटत होते आणि बिचारा कॉम्प्युटर त्यांना हवामान समजत होता.

मी वाचतच राहिले. ऑफिसचे फोन, खालच्या रिक्षा, सगळं लांब लांब गेलं. गॅदरिंगमध्ये नाचलेल्या मुली आता आज्या झाल्या असतील. पूल बदलला. म्हैस तर केव्हाच गेली. वारा मात्र तसाच, कधी उत्तरेचा, कधी पडलेला, कधी केळीची पानं फाडून जाणारा. कुठलं वर्ष चाललंय तेच मला उमजेना. पदर हलला तेव्हा पंखा आहे की सावद्याचा वारा, हे क्षणभर कळलं नाही.

"मॅडम, याचं वेगळं पुस्तक करू या. वारा."

"वारा हा काय विषय झाला?"

"आमच्याकडे झाला."

भांडायला मी पदर खोचूनच होते. पण त्यांनी चार बातम्या वाचल्या आणि म्हणाल्या, "मग नाव टाक त्यांचं." मला उठून बाहेर जाऊन रडून यावं लागलं.

पुस्तक फोनवर घेऊन मी ओट्यावर बसले आणि पहिल्या पानावरचं नाव वाचलं, 'वार्ताहर : जीवराम फिरके'. मग बातम्या. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"चांगलं लिहितो पोरगा," म्हणाले. "कोन हाये?"

"तुम्हीच, नाना."

"मले चिडवते का व?" ते हसले. मग हळूच म्हणाले, "पन पोचलं म्हनायचं हे." खिशातलं पाकीट काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "मंग तूच नेत जाय. तुमची गाडी बरोबर पोचते."

मी कंडक्टर झाले होते. झाले तर झाले. त्या संध्याकाळी ताट बाजूला सरकलं नाही. सासूबाईंनी पुन्हा पुन्हा वरण वाढलं आणि नजर लागेल म्हणून चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून रोज पाकीट मिळतं. आत एकच थरथरती ओळ असते, आजचा वारा. डिजिटल पुस्तकाला कधीही नवं शेवटचं पान चिकटवता येतं, म्हणून तारीख घालून मी ती ओळ पुढे जोडते.

काल ओळ आली, 'पश्चिमेकडून वादळ येते आहे. घड उतरवून घ्या.' बसच्या खिडकीतून पाहिलं तर केळीचं पान हलत नव्हतं.

"आज वादळ कुठे आहे?" मॅडम म्हणाल्या. "आपण वर्तमानपत्र आहोत, कामिनी. खोटं कसं टाकायचं?"

"वादळ खरं आहे, मॅडम. कधीचं ते फक्त त्यांना आठवत नाही."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "तारीख घालू नकोस."

संध्याकाळी मी सावद्याला उतरले तर नाना स्टँडवर उभे.

"पोचली का?"

"पोचली, नाना. वेळेवर पोचली."

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "मंग बागा वाचल्या," म्हणाले आणि माझी पिशवी हातात घेऊन घराकडे चालू लागले.