घोट्याची पकड

गुडघ्याला मलम चोळलं, की त्या वासानं मुलाच्या शारजातल्या शाळेचं वाळूचं मैदान आठवतं. तिथला कोच पूर्वी रग्बी लीगचा विंगर, म्हणजे कडेनं चेंडू घेऊन पळणारा गडी होता. बाप सामोअन, आई न्यूझीलंडची माओरी. मुलाच्या तोंडी सारखं त्याचंच कौतुक. मी आखाताचा व्हिसा येईपर्यंत कबड्डीत जिल्हा गाजवला, ते कोण विचारतो! पालकांच्या रग्बी सामन्यात कोच चेंडू घेऊन सुसाट आला, तसा मी घोटा धरून त्याला आडवा केला आणि ‘बाद!’ ओरडत मांडीवर थाप मारली. तो हसत उठला, टाचेनं चेंडू मागच्या गड्याकडे सरकवून पुन्हा पळू लागला. ‘बाबा, ही इज नॉट आउट,’ मुलगा शरमून म्हणाला, ‘इन लीग यू गेट अप अँड प्ले.’ मी जळफळलो. अजूनही जळतो. व्हिसानं मला धरलं, तेव्हा मी मुकाट बाद झालो होतो.