धुरी आणि निळा दिवा

आमच्या ह्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, तेव्हापासून मी घाबरट झाले. आधी नव्हते. शेतात नाग निघाला तर मी पहार घेऊन उभी राहायचे आणि हे बांधावरून ओरडायचे. आता ते नुसते खोकले तरी मी पिठाच्या हाताने बाहेर धावते.

घर आमचं अंबरनाथच्या पूर्वेला, आनंदनगरच्या अंगाला. कारखाने आले तेव्हा जमीन गेली. मग त्यातल्याच एका कारखान्यात ह्यांनी नोकरी केली, मुलीचं लग्न केलं, घर पक्कं बांधलं. म्हणून कारखान्यांना शिव्या घालताना मी जरा दमानं घेते. पण संध्याकाळ झाली की वास सुटतो. कधी सडक्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशसारखा गोड. गोड वासाची मला जास्त भीती वाटते. सडक्या वासाला माणूस निदान नाक तरी दाबतो.

उल्हासनगरच्या हार्टच्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर सांगितलं होतं, की हवेतली बारीक धूळ श्वासातून रक्तापर्यंत जाते, प्रेशर वाढतं, हृदयावर ताण पडतो. म्हाताऱ्या माणसाला तो जास्त बाधतो. ती धूळ डोळ्याला दिसतसुद्धा नाही म्हणाले. तेव्हापासून मला रिकाम्या खोलीचीही भीती वाटायला लागली. जे दिसतं ते झाडता येतं.

मुलगी बदलापूरला असते, हेंद्रेपाड्यात. तिनं डॉक्टरांचं बोलणं मनावर घेतलं आणि मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात हवा साफ करायचं मशीन घ्यायला गेली. दुकानदार सिंधी, बोलायला गोड.

"आई, ये ले जाओ. घरात बसून माथेरान! निळा दिवा म्हणजे हवा साफ, नारिंगी म्हणजे ठीकठाक."

"आणि लाल?" मी विचारलं.

"लाल होणारच नाय ना."

पहिल्याच संध्याकाळी लाल झाला. नुसता लाल नाही, मशीन घोंघावायला लागलं. मी मुलीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, चांगलं आहे की. घाण ओढतंय म्हणजे काम करतंय."

मला वाटलं, कारखान्याचा वास आत शिरतोय तो ह्यानं पकडला. मी खिडक्या लावून घेतल्या. दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. दुसऱ्या दिवशी तेच. वास सुटला की मी घर बंद करायचे आणि दिवा लाल व्हायचा. मी आणखी कोंबाकोंबी करायचे. खिडकीच्या चौकटीला चिकटपट्टी लावली. लाल दिव्याच्या उजेडात हे पलंगावर बसलेले असायचे आणि मी समोर वेताच्या मोड्यावर. मला वाटायचं, एवढं बंद करूनही विष आत येतंय, तर आता जायचं कुठे?

आणि ह्यांची धुरी चालूच. ती सांगायलाच हवी.

आमच्यात दिवेलागणीला घरभर धुरी फिरवतात. धुपाटण्यात नारळाच्या शेंडीचा आणि गोवरीचा निखारा, त्यावर ऊद आणि धूप. बाळंतिणीच्या खोलीत धुरी, आजाऱ्याच्या खोलीत धुरी. घर शुद्ध होतं, रोगराई जाते, असं सासूबाईंनी सांगितलेलं. सासूबाई गेल्यावर ते काम ह्यांनी घेतलं. वास सुटू लागला तसा हे ऊद जास्त टाकू लागले. वासावर उतारा म्हणून. मलाही ते पटायचं. मीच निखारा करून द्यायचे.

मशीन घोंघावलं की हे त्याच्यापुढे धुपाटणं धरून म्हणायचे, "बघ, कसं घाबरलं देवाला."

"देवाला कशाला घाबरेल? तुमच्या उघड्या पोटाला घाबरलं असेल," मी म्हणायचे. हसायचो दोघं. दारं बंद करून हसायचो.

मग एकदा हे मुलीकडे मुक्कामाला गेले. मी एकटीच. त्या संध्याकाळी असा वास सुटला, की डोळ्यांतून पाणी आलं आणि घसा खवखवला. शेजारीण तोंडाला ओढणी बांधून दूध आणायला गेली. मी सगळं बंद केलं आणि मशीनसमोर बसले. दिवा निळा. एकटीसाठी कोण धुरी करणार म्हणून नुसती उदबत्ती लावायला गेले आणि घशातली खवखव बघून तीही ठेवून दिली. दिवा निळाच. मी मशीनला थापट मारली. बटण बंद करून परत चालू केलं. निळा.

मला वाटलं बिघडलं.

हे परत आले. संध्याकाळी धुपाटणं घेऊन खोलीच्या उंबऱ्यात उभे राहिले, अजून पाऊल आत टाकलं नव्हतं, तोच लाल. मी उठले, त्यांच्या हातातून धुपाटणं घेतलं, बाहेर अंगणात ठेवून आले. बऱ्याच वेळानं दिवा नारिंगी झाला, मग निळा. परत आत आणलं, परत लाल.

"हा काय खेळ लावलास?" हे म्हणाले.

मी धुपाटणं पुन्हा अंगणात ठेवलं आणि मुलीला फोन लावला.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. मुलीनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ह्यांच्याकडे वळले.

"आजोबा, बंद खोलीत धूर करता?"

"धूर नाय, धुरी. देवाची असते."

"देवाची असू द्या. तुमच्या छातीला तो धूरच आहे."

मी विचारलं, "आणि कारखान्याचा वास सुटला तेव्हा दिवा निळा का?"

डॉक्टरांनी समजावलं. हे मशीन धूळ आणि धूर ओळखतं, तेच गाळतं. वासाचा, गॅसचा त्याला पत्ता लागत नाही. त्यासाठी आत कोळशाची वेगळी जाळी लागते, ती ह्या मशीनमध्ये नसावी, आणि असली तरी सगळं थांबेल असं नाही. मशीनचा उपयोग आहे, धूळ कमी झाली तर हृदयाला बरंच, पण म्हणून गोळी चुकवायची नाही.

"म्हणजे निळा दिवा असला तरी हवा चांगली असेलच असं नाही?"

"नाही आजी."

"मग आम्ही करायचं काय?"

"घरात धूर नको. फोडणीला खिडकी उघडा. बाहेर वास असला की बंद ठेवा."

"फोडणीची वेळ आणि वासाची वेळ एकच आहे, डॉक्टर."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

घरी आल्यावर मी स्वयंपाक दुपारीच उरकायला लागले. रात्री गार भाजी. ह्यांनी कुरकुर केली, पण खाल्ली. धुरीवर मात्र ते अडून बसले. "आईनं घालून दिलेलं मी मोडणार नाय." शेवटी मी म्हटलं, मग अंगणात तुळशीपाशी करा. मुलगीही म्हणाली, हे बरं झालं.

बरं कसलं! दिवेलागण आणि वास एकाच वेळी. मी आत, दार बंद. ते बाहेर, ज्या हवेपासून त्यांना वाचवायला मी फटी बुजवल्या त्याच हवेत, वर उदाच्या धुरात तोंड घालून फुंकर मारतायत. दार उघडावं तर वास आत. लावावं तर माणूस दिसत नाही. मी कडीवर हात ठेवून उभी राहायचे आणि त्यांचं खोकणं ऐकायचे. खोकला थांबला की जास्त भीती वाटायची.

एका संध्याकाळी तो थांबला आणि काहीच आवाज येईना. मी दार उघडलं. हे तुळशीच्या कट्ट्याला टेकून खाली बसलेले, एक हात छातीवर. मी कशी पोचले आठवत नाही.

"अहो! काय होतंय?"

"काय होतंय म्हणजे? निखारा विझला. खिशात काडेपेटी शोधतोय."

सदऱ्याचा खिसा छातीवरच होता. काडेपेटी निघाली. त्यांनी काडी ओढली. मी धुपाटणं उचललं आणि शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुडवलं. ऊद, धूप, सगळं. सासूबाईंचं पितळी धुपाटणं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले की प्रेशर वाढेल. ओरडले नाहीत. उठून आत गेले. जेवताना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी माफी मागितली नाही. धुपाटणं चिंचेनं घासून देवळीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मला अंगणात हालचाल जाणवली. वारा डोंगराकडून होता, वास नव्हता. हे धुपाटणं तुळशीपुढे ठेवून लांब उभे होते, हात जोडून. फुंकर मारत नव्हते.

"सकाळी चालते वाटतं धुरी?" मी विचारलं.

"चालवून घेईल देव. त्याला तुझ्यासारखी बायको नाय."

आता संध्याकाळी घर बंद असतं. चूल थंड, देवापुढे तेलाचा छोटा दिवा तेवढा. मशीन चालू असतं आणि त्याचा दिवा बहुतेक निळाच असतो. तरी कधीकधी तो गोड वास कुठून तरी आत येतो. फट मला सापडलेली नाही. हे पलंगावर डोळे मिटून पडतात. मी मोड्यावर बसते, मशीनकडे पाठ करून, आणि त्यांचा बनियन वर-खाली होतोय ना तेवढं बघते.