जे दिसलं तेवढंच

शेवटच्या भेटीत ताईंनी माझ्याकडून पेपर वाचून घेतला. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, शैलजाताई. इथल्या जिल्हा न्यायालयात त्या वर्षानुवर्षं सरकारी वकील होत्या. दवाखान्यातल्या खाटेवर डोळे मिटून पडलेल्या. आतल्या पानावर बिडकीनकडच्या एका खुनाची बातमी होती, ती मी गाळून पुढं गेले, तर लगेच म्हणाल्या, "गाळू नको. कलम कोणतं लावलंय?" मी सांगितलं, एकशेतीन. "म्हणजे आपलं जुनं तीनशेदोन... आकडे बदलले गं सुनंदा, मरणारा माणूस तसाच मरतो." दुसऱ्या दिवशी सकाळी यांचा दवाखान्यातून फोन आला. "ताई..." एवढंच बोलले. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

माणूस मारला की तो खूनच, असं मला लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं. ताई भाजी निवडता निवडता समजावून सांगायच्या. मारायचंच म्हणून मारलं तर खून. त्याला जन्मठेप, आणि दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात फाशी. आधी मनात काही नसताना, अचानक पेटलेल्या भांडणात हात उचलला गेला आणि समोरचा गेला, तर बहुतेक वेळा तो सदोष मनुष्यवध, शिक्षा कमी. "पण ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांना हे कसं पटायचं?" मी विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "नाही पटत."

ते मी डोळ्यांनी पाहिलं मंगलच्या वेळी. मंगल लासूर स्टेशनची. तिचा नवरा आणि दीर मिळून एक टेम्पो चालवायचे, मार्केटचा माल वाहायचे. एका सकाळी अंगणात डिझेलवरून दोघांची जुंपली. नवऱ्यानं धाकट्याच्या कानाखाली वाजवली, धाकट्यानं चाक खोलायची लोखंडी टामी त्याच्या डोक्यात घातली. एकच घाव. नवरा जागेवर कोसळला, पुन्हा उठला नाही. पाहणारी एकटी मंगल. खटला खुनाचाच उभा राहिला, पण टामी कुठून आली, हे तिच्या पोलिसांतल्या जबाबात नीटसं आलंच नव्हतं.

साक्षीच्या आधी ती पत्ता शोधत घरी आली. "सुनंदा, तू इथंच बस," ताई मला म्हणाल्या; साक्षीदाराशी एकटीनं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. मंगलनं पाण्याचा तांब्याही तोंडाला लावला नाही. म्हणाली, "मॅडम, भाऊ म्हणतो, सांग की त्यानं घरात जाऊन टामी आणली. मग फाशी व्हती का?"

"घरात जाऊन आणली असेल, तर न्यायाधीश म्हणतील की मारायचं ठरवून आत गेला. फाशी नाही, पण जन्मठेप होऊ शकते."

"आन् हातातच आसंल तर?"

"तर शिक्षा कमी होईल. तुला जे दिसलं तेवढंच सांग, मंगल."

"तुमी आमच्याच बाजूच्या ना?"

"हो. म्हणूनच सांगते."

मंगल तडक उठून गेली.

साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभं राहून ती म्हणाली, "टेम्पोचं चाक काढत व्हता. टामी हातातच व्हती." टामी कुठून आली, एवढंच ताईंनी विचारलं होतं, आणि पुढं काही विचारलं नाही. युक्तिवादातही त्यांनी ते झाकलं नाही. निकाल सदोष मनुष्यवधाचा लागला. सात वर्षं. मंगलच्या भावानं कोर्टाच्या आवारात ताईंना नाही नाही ते ऐकवलं. ताई खाली मान घालून रिक्षात बसल्या, घरी येऊन जेवल्याही नाहीत, तशाच आडव्या झाल्या. मी विचारलं, चुकलं का काही? म्हणाल्या, "कायद्यात नाही चुकलं..." आणि कूस बदलली.

ताई गेल्यावर पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम उरकला, त्यानंतरच्या आठवड्यात मंगल दारात. कुणाकडून तरी कळलं म्हणाली. केस पांढरे झालेले. ताईंच्या फोटोपुढं खूप वेळ बसली. मग आपणहून बोलली, "दीर सुटून आला, काकू. समोरच राहतो. मी बोलत न्हाय त्याच्याशी, मरेपर्यंत बोलणार न्हाय. पोरगी बोलती. काका म्हणती. मी आडवत न्हाय." जरा थांबून म्हणाली, "निकालाच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या व्हत्या आमच्याकडं. मी कडी काढली न्हाय. दुपारपत्तूर ओट्यावर बसून ऱ्हायल्या. हाक न्हाय मारली, काय न्हाय. मी आतून बघत व्हते. मग उठून गेल्या."

ताईंनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

"कडी काढाया पायजे व्हती का वो, काकू?"

मी तिचा हात धरून बसले. या खेपेला तिनं चहा घेतला.

ताई लोकांना भेटायच्या त्या बैठकीचं रस्त्याकडचं दार आम्ही अजून रोज सकाळी उघडतो. फुलंब्रीकडून, कुठून कुठून कुणीतरी येतं, बाहेरूनच विचारतं, वकीलबाई हायेत का? नाहीत, मी सांगते... मग म्हणते, आत या, बसा जरा.